कानापासून कॉम्प्युटरकडे : माझा हेडफोन सेटअप कसा ठरला

जानेवारीत हातात घेतलेलं काम जुलैत संपलं. आता टेबलावर कॉम्प्युटर, त्याला एक छोटा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा), डॅकला अँप (तो सिग्नल हेडफोनला पुरेल एवढा मोठा करणारा) आणि अँपला हेडफोन असं सगळं लागलंय आणि रोज संध्याकाळी ऐकणं सुरू आहे. मधल्या काळात जे वाचलं, मोजलं, विकत घेतलं, परत पाठवलं ते क्रमाने लिहून ठेवतेय कारण सुरुवातीला मला स्वतःलाच असं काहीतरी वाचायला हवं होतं. माहितीचा तुटवडा अजिबात नाही, पण ती सगळी सुट्या वस्तूंची असते, हा डॅक कसा, तो अँप कसा. आधी काय निवडायचं, त्यावरून पुढचं कसं ठरतं, हे मात्र स्वतःच जुळवत बसावं लागतं. मी कानापासून सुरुवात केली आणि उलट कॉम्प्युटरकडे येत गेले. आधी हेडफोन, मग अँप, शेवटी डॅक. हा क्रम मला फार उपयोगी पडला म्हणून लेखही त्याच क्रमाने आहे.

सुरुवात झाली आवाजातल्या कचऱ्याने. कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की शांत जागी बारीक सूंऽऽ असा आवाज यायचा, माऊस हलवला की किरकिर, पेज स्क्रोल केलं की वेगळीच किरकिर. काही विकत घ्यायच्या आधी हे नक्की कुठून येतंय ते बघायचं ठरवलं. पुढचा जॅक कॅबिनेटच्या आतून एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो आणि ती वायर ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय यांच्या शेजारून जाते, त्यामुळे आधी मागचा जॅक वापरून बघितला, किरकिर बरीच कमी झाली पण गेली नाही. तुमच्याकडे लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा, आवाज बदलला तर चार्जरचा हात आहे. या तपासणीला काही खर्च नाही आणि कधीकधी एवढ्यावरच प्रश्न सुटतो.

दुसरी तपासणी मल्टिमीटरने केली. कुठल्याही हेडफोन जॅकला स्वतःचा एक अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात आणि मदरबोर्डच्या माहितीपत्रकात हा आकडा सहसा सापडत नाही. मोजायची पद्धत सोपी आहे. हेडफोन काढून ठेवायचा, कॉम्प्युटरवर ६० हर्ट्झचा टोन लावायचा, जॅकमध्ये एक साधी ऑक्स केबल घालून तिच्या दुसऱ्या टोकाला व्होल्टेज बघायचं, मग त्याच टोकाला ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत बघायचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं, त्यातून १ वजा करायचा आणि उत्तराला ३३ ने गुणायचं. माझ्या पुढच्या जॅकवर १ व्होल्टचं पाव व्होल्ट झालं, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स साधारण १०० ओहम. टोन ६० हर्ट्झचाच का, तर साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज कमी फ्रिक्वेन्सीलाच नीट दाखवतात. आणि मीटरला एसी मिलिव्होल्टची रेंज आहे का ते बघून घ्या, काही स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची असते, त्याचा इथे काही उपयोग नाही.

हे १०० ओहम वाईट का? सर्वसाधारण नियम असा की जॅकचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. हेडफोनचा इम्पीडन्स बॉक्सवर एकच आकडा म्हणून छापतात पण खरं तर तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलत असतो. जॅकचा अडथळा मोठा असला की जिथे हेडफोनचा इम्पीडन्स जास्त तिथे आवाज थोडा वर उचलला जातो, म्हणजे हेडफोन ज्याने बनवला त्याने ठरवलेला तोल बिघडतो. एकापेक्षा जास्त बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे अगदी छोटे भाग) असलेल्या इअरफोनमध्ये तर हा बदल चांगलाच ऐकू येतो. मदरबोर्डचा जॅक बाद करायचं कारण मला इथे मिळालं, नुसत्या किरकिरीपेक्षा पक्कं.

फेब्रुवारीत कागदावर एक यादी केली, वस्तूंची नाही, माझ्या ऐकण्याची. खोली शांत आहे का, माझा आवाज बाहेर गेला तर कुणाला त्रास होतो का, एका बैठकीत किती वेळ ऐकते, चष्मा आहे, कॉल घ्यायचेत का, आणि ऐकते काय. माझं बरंचसं ऐकणं गाण्याचं आहे, ख्याल, ठुमरी, जुनी ध्वनिमुद्रणं, शिवाय थोडं पियानो आणि व्हायोलिन. खोली शांत आहे आणि मी दार लावून बसते. एवढ्या उत्तरांवरच निम्मी निवड होऊन जाते, कारण सगळ्यात मोठा फाटा ओपन बॅक की क्लोज्ड बॅक हा आहे. ओपन बॅकमध्ये ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाची, मागची बाजू जाळीने उघडी असते, हवा आणि आवाज दोन्ही बाहेर जातात, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही आणि कान कमी तापतात. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणला तेव्हापासून ही पद्धत रुळली. पण शेजारी बसलेल्याला तुम्ही काय ऐकताय ते सगळं ऐकू जातं आणि बाहेरचा पंखासुद्धा तुम्हाला ऐकू येतो. घरात एकाच खोलीत दोघंतिघं बसत असाल तर क्लोज्ड बॅकच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माइकचा विषय मी वेगळा काढला, कॉलसाठी एक साधा यूएसबी माइक आधीच होता, त्यामुळे माइकवाल्या हेडसेटच्या मागे गेले नाही.

मग प्रत्यक्ष ऐकणं. काही दुकानांत जाऊन, काही ओळखीच्यांकडून मागून. माझं म्हणणं आहे की हा टप्पा घाईने उरकू नये, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. सोबत स्वतःच्या फाइल घेऊन जावं, पेनड्राइव्हवर किंवा फोनवर, स्वतःच्या सीडीवरून काढलेल्या फ्लॅक फाइल असल्या तर उत्तम. फ्लॅक २००१ पासून आहे, मोफत आहे आणि त्यात काहीही गाळलं जात नाही. दुकानाच्या डेमोचं संगीत ऐकून काहीच ठरत नाही कारण ते तुम्हाला पाठ नसतं. मी तीन गोष्टींवर कान ठेवले. तानपुऱ्याची जवारी, कारण तिच्यात खर्जापासून पार वरच्या हार्मोनिकपर्यंत सगळं सतत चालू असतं आणि हेडफोन कुठे टोचतो किंवा कुठे मुका पडतो ते लगेच कळतं. डग्ग्याची मींड, म्हणजे तळहात सरकवल्यावर जो सूर वर चढतो तो वेगळा ऐकू येतो की नुसताच धबधब. आणि गायकाचा श्वास, तो आवाजाच्याच जागी येतो की त्याच्या पुढे उडी मारतो.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० स्वच्छ वाटला पण वरचा ट्रेबल मला तीक्ष्ण लागला, जवारी चमचम करायला लागली. क्लोज्ड बॅकमध्ये डीटी ७७० आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ऐकले, बाहेरचा आवाज दोन्ही छान अडवतात आणि डीटी ७७० चे मखमली पॅड चष्म्यावर सुद्धा त्रास देत नाहीत, माझ्या ऐकण्याला मात्र बास जास्त होता. (डीटी ७७० घेणार असाल तर तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो, ऑर्डर करताना आकडा नीट बघा.) हायफायमॅनचा सुंदरा हा प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या प्रकारातला, त्याचा खालचा बास सगळ्यात सरळ आणि खोलवर जाणारा वाटला, पण वजन ३७२ ग्रॅम. आणि सेनहायझरचा एचडी ६५०, २००३ पासून बाजारात असलेला, वजन २६० ग्रॅम. यात गळा जिथे असायला हवा तिथे होता, जवारी भरदार पण न टोचणारी, अगदी खालचा बास मात्र उतरत जातो. डग्ग्याला तो पुरतो, पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला पुरेलच असं नाही.

चष्मा घालून किमान अर्धा तास डोक्यावर ठेवल्याशिवाय ठरवू नका. पहिल्या पाच मिनिटांत सगळे आरामदायक वाटतात, नंतर कुणी कानशिलं दाबतो, कुणी टाळूवर बसतो. चष्म्याच्या काडीमुळे पॅड आणि त्वचा यांच्यात फट राहते आणि तिथून बास गळतो, क्लोज्ड बॅक आणि प्लेनरमध्ये हे जास्त जाणवतं, एचडी ६५० सारख्या ओपन डायनॅमिकमध्ये (नेहमीच्या कॉइलवाल्या) कमी. नवा एचडी ६५० थोडा घट्ट बसतो, काही आठवड्यांत सैल होतो.

मार्चमध्ये एचडी ६५० ऑर्डर करायचं ठरलं आणि मग कागदपत्रांचा भाग सुरू झाला. बऱ्याच दुकानांच्या परतीच्या नियमांत हेडफोन स्वच्छतेच्या कारणाने वेगळे काढलेले असतात, म्हणजे सील फोडलं की परत नाही, किंवा काही रक्कम कापून परत. ते वाक्य पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा. दुसरं, वॉरंटी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं तरच लागू होते. कंपनीच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिच्यात नाव शोधा. खूपच स्वस्त दिसणारा माल दुसऱ्या देशासाठी आलेला असू शकतो आणि मग दुरुस्तीच्या वेळी कुणीच दाद देत नाही. मी ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला मेल करून विचारलं की बिलावर सिरियल नंबर येईल का, लेखी हो आलं, मग पैसे भरले. माल शिल्लक नव्हता, काही आठवडे थांबावं लागलं आणि दिलेली तारीख एकदा पुढे गेली. कंटाळा आला खरा, पण तोपर्यंत अँपचा हिशोब करायला निवांत वेळ मिळाला. पार्सल उघडताना मी व्हिडिओ काढला, सिरियल नंबरचा फोटो घेतला, बिल पीडीएफ करून मेलमध्ये ठेवलं आणि त्याच रात्री वॉरंटी नोंदवली. बॉक्स आणि आतला फोम टाकू नका, परत पाठवायची वेळ आली तर तोच लागतो.

आता अँप. इथे लोक फार घाबरतात आणि मीही दबकूनच होते, पण हेडफोन ठरलेला असला की अँपचं उत्तर गणितातून येतं. एचडी ६५० चा इम्पीडन्स ३०० ओहम आणि १ व्होल्ट दिला की आवाज १०३ डीबी. मी ऐकते ते सरासरी ७५ डीबीच्या आसपास. चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरीपेक्षा २० डीबी वर जाणारे क्षण येतात, म्हणजे ९५. ईक्यू (इक्वलायझर, बास-ट्रेबल वगैरे कमीजास्त करायची सोय) लावायचा असेल तर मूळ पातळी ६-७ डीबी खाली आणावी लागते, ती भरून काढायला तेवढं वर धरलं. जुनी ध्वनिमुद्रणं हळू असतात, त्यासाठी आणखी थोडं. तरी ११० च्या आतच राहतं. मी ११५ धरलं, म्हणजे १०३ च्या वर १२ डीबी, म्हणजे चौपट व्होल्टेज, ४ व्होल्ट. ३०० ओहमला ४ व्होल्ट म्हणजे जेमतेम ५३ मिलिवॅट! अमुक वॅट तमुक वॅट अशा जाहिराती वाचून मला जे दडपण आलं होतं ते या एका हिशोबाने उतरलं. मला वॅट नको होते, मला व्होल्ट हवे होते.

तुमचा हेडफोन वेगळा असेल तर हिशोबही वेगळा. सुंदरा ३७ ओहमचा, १ मिलिवॅटला ९४ डीबी. त्यालाच ११५ डीबीला न्यायचं तर १२६ मिलिवॅट लागतात, व्होल्टेज सव्वादोनपेक्षाही कमी पण करंट जवळजवळ ५८ मिलिअँपिअर. म्हणजे ओहम कमी म्हणून चालवायला सोपा असं नाही, व्होल्टेज कमी लागतं पण करंट जास्त लागतो आणि फोनला लावायच्या छोट्या डोंगलचा (डॅक आणि अँप एकत्र असलेल्या तुकड्याचा) दम तिथे संपू शकतो. एम५०एक्स ३८ ओहमचा, मिलिवॅटला ९९ डीबी, त्याला ११५ साठी ४० मिलिवॅट म्हणजे सव्वा व्होल्ट बास झाले, चांगला डोंगल असेल तर वेगळा अँप घ्यायची गरजच नाही. माहितीपत्रक वाचताना एक सांभाळा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेला किती डीबी आवाज निघतो ते, कुणी मिलिवॅटला देतं कुणी व्होल्टला, दोन्ही आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करू नका, आधी एकाच मापात आणा.

अँपमध्ये मी मग चार गोष्टी बघितल्या: ३०० ओहमला किमान ४ व्होल्ट, आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आसपास किंवा कमी, हाय-लो गेनचं (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते बदलायचं) बटण, आणि हाताला बरी वाटणारी फिरवायची नॉब. गेनचं बटण यासाठी की नॉब अगदी सुरुवातीला असते तेव्हा अनेक साध्या नॉबमध्ये डावा-उजवा आवाज सारखा नसतो, गेन कमी ठेवला की नॉब मधल्या भागात वापरता येते. बॅलन्स्ड आउटपुटचा (डाव्या-उजव्याला पूर्ण वेगळ्या तारा असलेल्या जॅकचा) मोह झाला होता. त्यातून बऱ्याचदा दुप्पट व्होल्टेज मिळतं हे खरं, पण माझा हिशोब साध्या ६.३५ मिमी जॅकवरच पूर्ण होत होता, मग वेगळी केबल कशाला.

चांगला अँप महागच हवा असंही नाही. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ओटू नावाच्या अँपचा संपूर्ण आराखडा मोजमापांसकट खुला करून टाकला, कुणीही बनवावा आणि विकावा म्हणून. स्वस्तात स्वच्छ अँप बनू शकतो हे त्याने सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याने आपलं खरं नाव कधी सांगितलं नाही आणि २०१२ नंतर लिहिणंही थांबवलं.

एप्रिलमध्ये अँप मागवला. यात एक गोष्ट फार महत्त्वाची, अ‍ॅडॉप्टर. काही हेडफोन अँपचे अ‍ॅडॉप्टर एसी घेऊन एसीच देतात, आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो, तो ११५ किंवा २३० यांपैकी एकाच व्होल्टेजचा बनलेला असतो आणि दोन्हीवर चालत नाही. फोनच्या चार्जरची सवय असल्याने आपण ते वाचत नाही. दुसऱ्या देशातून मागवत असाल तर आपल्याकडचं व्होल्टेज निवडलंय ना ते ऑर्डरच्या पानावर दोनदा बघा, आणि हरवलाच तर कुठलाही डीसी अ‍ॅडॉप्टर आणून खुपसू नका.

अँप आला आणि नॉब फिरवताना डाव्या बाजूला खरखर, मधूनच डावा कान पूर्ण बंद. मन खट्टू झालं, इतके महिने थांबून हे. पण आधी दोष नक्की कुणाचा ते शोधलं. डॅककडून येणाऱ्या केबलची डावी-उजवी अदलाबदल केली, दोष डावीकडेच राहिला, म्हणजे डॅक आणि केबल ठीक. दुसरा हेडफोन लावला, दोष तरी डावीकडेच राहिला, म्हणजे हेडफोनही ठीक. राहिला अँप. हे सगळं सलग एका व्हिडिओत घेतलं. कंपनीच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म भरला, सिरियल नंबर, बिल, व्हिडिओची लिंक. काही दिवसांनी पहिलं उत्तर आलं ते ठरलेल्या प्रश्नांचं, केबल बदलून बघितली का, दुसरा हेडफोन लावला का. व्हिडिओत हे सगळं होतंच, तेवढंच नम्रपणे कळवलं. मग परतीचा एक नंबर मिळाला, तो बॉक्सवर बाहेरून लिहायचा असतो, नाहीतर पार्सल स्वीकारत नाहीत. तिकडे पाठवायचा खर्च माझा, बदली पाठवायचा त्यांचा. पावती जपून ठेवली. पूर्ण मे महिना यात गेला पण नवा अँप आला आणि तो आजपर्यंत व्यवस्थित आहे. कुठलीही नवी वस्तू परतीच्या मुदतीच्या आत भरपूर वापरून घ्या, नॉब पूर्ण फिरवा, सगळी बटणं दाबून बघा.

डॅक शेवटी. वर केबलच्या अदलाबदलीत जो डॅक आला तो एका मित्राकडून आणलेला, बऱ्यापैकी महागडा. माझ्याकडे फोनचा एक साधा यूएसबी-सी डोंगल होता आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं की दोघांत फरक किती. तुलना करताना आवाजाची पातळी अगदी सारखी करावी लागते, कारण अगदी थोडा मोठा आवाजसुद्धा आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. दोन्हींमधून एकच टोन लावून अँपच्या आउटपुटवर व्होल्टेज मोजलं आणि १ टक्क्याच्या आत जुळवलं, १ टक्का म्हणजे ०.१ डीबीपेक्षाही कमी. मग धाकट्या भावाला अँपच्या मागे बसवलं, तो नाणं उडवून केबल बदलणार आणि मी पाठ करून बसणार.

"ताई, सांग गं आता, कुठला?"

"थांब जरा, परत एकदा लाव."

"परत काय, केव्हाचं तेच ऐकतेयस."

असं १६ वेळा करायचं असतं आणि त्यात १२ किंवा जास्त बरोबर आले तर केवळ नशिबाने जमलं असं म्हणणं कठीण होतं. माझी उत्तरं अंदाजपंचे ठोकल्यासारखीच आली. जवारी लावून, पियानो लावून, मला सांगता आलं नाही. मनात कुठेतरी महागडा वेगळा वाटेल अशी आशा होती, पण निकाल बघून हलकं वाटलं. सीडीचा दर्जा ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आणि साधारण ९६ डीबीची रेंज, आणि आपला कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. हे काम नीट करणारी चिप आता साध्या वस्तूंतही असते. म्हणून डॅक घेताना सोय बघितली. यूएसबीवरच चालणारा, स्वतःच्या घड्याळावर डेटा मागून घेणारा म्हणजे असिंक्रोनस, मागे आरसीए आउटपुट २ व्होल्ट, सोबत एक ऑप्टिकल इनपुट. २ व्होल्टला अँपने दुप्पट केलं की माझे ४ व्होल्ट, हिशोब जुळला. डोंगलनेही चाललं असतं, पण माझा डोंगल वाढवून वाढवून १ व्होल्टच्या आसपास देतो आणि टेबलावर लोंबकळतो.

ऑप्टिकल इनपुट का हवा ते जूनमध्ये कळलं. डॅकचं दुसरं आउटपुट टेबलावरच्या स्पीकरला जोडलं तर स्पीकर आणि हेडफोन दोन्हींत बारीक गुणगुण यायला लागली, कॉम्प्युटरचं अर्थिंग आणि स्पीकरचं अर्थिंग यांच्यात ग्राउंड लूप, म्हणजे केबलमधून फिरणाऱ्या नको त्या विजेचं वर्तुळ, तयार झाला होता. कॉम्प्युटरकडून यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल आणली, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही, आणि डॅकला वीज वेगळ्या चार्जरने दिली. गुणगुण त्याक्षणी बंद. आवाज घालवायला म्हणून अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

सॉफ्टवेअरचं फार लांबवत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर (डॅक ओळखणारं सॉफ्टवेअर) आतच आहे, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागेलच असं नाही. साउंड सेटिंगमध्ये डॅकचा फॉरमॅट २४ बिट आणि आपल्या बहुतेक फाइल ज्या दराच्या तोच ठेवा, माझ्या सीडीच्या म्हणून ४४.१. फूबार २००० या प्लेअरमध्ये रिप्लेगेन चालू केलं, जुनी हळू आणि नवी मोठी ध्वनिमुद्रणं एका पातळीवर आली, दर वेळी नॉबकडे हात जाणं थांबलं. इक्वलायझर एपीओ मोफत आहे, त्यात एचडी ६५० चा खालचा बास थोडा उचलला. किती उचलायचा याचा आधार हार्मन या ऑडिओ कंपनीच्या संशोधनातून आलेला कर्व्ह (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज हवा त्याचा आलेख), शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांना ऐकवून तो तयार केलाय. मला पूर्ण कर्व्ह आवडला नाही, निम्मा उचल ठेवला. उचलाल तितकं त्यातलं प्रीअँपचं (मूळ पातळीचं) सेटिंग खाली आणा, नाहीतर मोठ्या आवाजाला फाटतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, फूबारमध्ये वासापीचा (विंडोजच्याच ऑडिओ मार्गाचा) एक्स्क्लुझिव्ह मोड लावला तर आवाज विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून जातो आणि हा ईक्यू लागू होत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, मी ईक्यू निवडला.

आवाज किती ठेवायचा तेही मी मल्टिमीटरनेच ठरवलं. पूर्ण पातळीचा टोन लावून हेडफोनला ०.४ व्होल्ट जातील तिथे नॉबवर पेन्सिलची खूण केली (टोन चालू असताना हेडफोन डोक्यावर घालू नका). ०.४ व्होल्ट म्हणजे या हेडफोनवर ९५ डीबी, म्हणजे २० डीबी खाली असलेलं सरासरी संगीत ७५ ला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डीबी, ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि त्यावर दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. स्वच्छ आवाज मोठा केला तरी कानाला टोचत नाही, म्हणून खूण लागतेच.

पैशांचं विचाराल तर निम्म्याहून जास्त हेडफोनला गेले, पाव भागाच्या आसपास अँपला, उरलेल्यात डॅक, केबल, रेझिस्टर आणि परतीचं पार्सल. पुन्हा करायचं झालं तरी वाटणी हीच ठेवेन, कारण ऐकू येणारा फरक सगळ्यात जास्त हेडफोनमध्ये आहे. एचडी ६५० चे पॅड, केबल, वरची गादी सगळं सुटं मिळतं आणि घरीच बदलता येतं, निवडताना हेही मोजलं होतं. पॅड वापराने दबतात, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो, म्हणून एक जोडी आत्ताच मागवून ठेवलीय, कारण पॅडही मध्येमध्ये बाजारातून गायब होतात. ती बसवली की ईक्यू बंद करून आधी नुसता हेडफोन ऐकणार आहे, मग परत थोडं थोडं जुळवेन.